चारची जागा

१

मोजणी पहाटे पावणेपाचला, धक्क्यावर. तांडेल तोकुजिरो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून पुढं उभा राहायचा, घसा खाकरायचा, "मोजा" म्हणायचा आणि सुरुवात स्वतःपासूनच करायचा.

"एक."

"दोन," इंजिनवाला गेन्सुके म्हणायचा. त्याचं तोंड विडीतून कधी मोकळं नसे.

"तीन." हा शिगेकात्सु, दारातून आडवा शिरणारा.

"पाच." तोमे मावशी. बोटीवर एकटी बाई, पण जाळं ओढायला दोघांना भारी.

"सहा." "सात." हे मोरिता भाऊ.

आणि शेवटी ताकुमा, तांडेलाचा नातू, वय एकवीस. तीन महिन्यांपूर्वी सेंदाईचं विद्यापीठ अर्ध्यात सोडून घरी आलेला. गणित शिकत होता. तो दातओठ खात म्हणायचा, "आठ."

माणसं सात, आकडा आठ. ताकुमा सोडून हे कुणालाच खटकत नव्हतं. पाण्यावर चार म्हणायचं नाही, कारण जपानीत चार आणि मरण दोन्ही 'शि', कानाला एकच. चारला दुसरा, निरुपद्रवी शब्दही आहे. शहरात तोच वापरतात. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या प्रकारानंतर गावातल्या बाकी बोटींनीही तो मुकाट उचलला. कुणी ठराव केला नाही, कुणी कारण सांगितलं नाही. फक्त तोकुजिरोच्या बोटीवर तीननंतर अजून पाच येत होता.

"काय प्रोफेसर," शिगेकात्सुनं त्याच्या पाठीत थाप घातली, "आज जाळं ओढायचंय की त्याचं वर्गमूळ काढायचंय?"

"आधी तुम्ही सातापर्यंत मोजायला शिका, काका. मग वर्गमूळ बघू."

मोरितांचा धाकटा फिस्सकन हसला. तांडेलानं मागं वळून पाहिलं तसं त्याचं हसू जिरलं.

त्या सकाळी ताकुमाच्या एक गोष्ट लक्षात आली. शिगेकात्सुचा तीन झाला की तोमे मावशी लगेच पाच म्हणत नव्हती. मध्ये थांबत होती. फार नाही, एक श्वास. दुसरं कुणीतरी आपला आकडा म्हणून होईपर्यंत माणूस थांबतो, तेवढंच.

२

घरात दोघंच. आई अकरा वर्षांपूर्वी, त्या प्रकाराच्याच वर्षी, माहेरी निघून गेली होती, वडील मालवाहू जहाजावर होते आणि वर्षातून दोन पत्रं पाठवत. जेवायच्या खोलीत कोपऱ्यात देव्हारा होता आणि त्यात ताकुमाच्या धाकट्या बहिणीचा, सायाचा फोटो. सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. आजोबा रोज तिच्यासमोर वाफाळत्या भाताची वाटी ठेवायचे आणि हात जोडून खाली बसायचे. ताकुमाला ते बघून चीड यायची.

"आजोबा, तुम्ही अजून चार गाळता."

"भात निवतोय, जेव."

"तिच्या फोटोपुढं भात ठेवता आणि सकाळी धक्क्यावर जाऊन तेच करता. लाज वाटत नाही?"

म्हातारा मुळ्याचं लोणचं चावत राहिला. या गावातल्या म्हाताऱ्यांना दोनच गोष्टी नीट येतात, जाळं ओढणं आणि गप्प बसणं. त्यातली दुसरी जास्त चांगली.

झालं होतं ते इतकंच. वसंतातली मोठी ओहोटी. गावच्या शाळेची आठ मुलं शिंपल्या वेचायला कासवखडकावर निघाली, तोकुजिरोच्या बोटीतून. बरोबर कुरामोची बाई, शहरातून येऊन बाईंना जेमतेम महिना झालेला. निघताना बाई म्हणाल्या, मोजा. मुलांनी घरच्या वळणाप्रमाणं मोजलं: एक, दोन, तीन, पाच. शेवटचा आकडा नऊ निघाला. बाई गोंधळल्या, मुलं खिदळली. बाईंना वाटलं, आपली थट्टा करतायत. तांडेल सुकाणूपाशी होता. तोही हसला.

साया रांगेत चौथी होती, म्हणजे तिच्या वाट्याला पाच आला. तिनं विचारलं, "आजोबा, मग चार कुठं गेला?"

"तो आपल्याबरोबर येत नाही. तो मागं थांबतो," आजोबा म्हणाले. "आपण परत आलो की भेटतो."

दुपारी धुकं उतरलं, हाताला लागेल असं दाट. भरती सुरू झाली. घाईघाईनं मुलांना बोटीत घेतलं, ताडपत्रीखाली दाटीवाटीनं बसवलं. बाईंच्या मांडीवर एक मूल ओकत होतं. त्या तशाच ओरडल्या, मोजा. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ.

"आठ," बाई म्हणाल्या. "आता कसं बरोबर आलं!"

बोट सुटली.

धक्क्यावर उतरताना कळलं. परत जाईपर्यंत खडकावर कमरेइतकं पाणी चढलं होतं. साया सापडली नाही, कधीच नाही. पेपरात आलं, एक बेपत्ता. त्या भाषेत एका माणसाला आणि एकट्या माणसाला शब्द एकच आहे. ताकुमानं दहाव्या वर्षी ती ओळ वाचली ती अशी: एकटी, बेपत्ता.

चौकशीत गावातल्या एकाही मोठ्या माणसानं न म्हटलेल्या चारबद्दल तोंड उघडलं नाही. 'शहरातली बाई, तिला मोजता येत नव्हतं,' एवढंच सगळे म्हणाले. कुरामोची बाई नोकरी सोडून गेल्या. जाताना त्यांनी घरोघर वाकून माफी मागितली, या घरीसुद्धा. आजोबांनी ती घेतली.

३

ताकुमा घड्याळ लावून बघू लागला. तीन आणि पाच यांच्यामध्ये सोमवारी दीड सेकंद. गुरुवारी दोन. पुढच्या आठवड्यात अडीचच्या वर.

त्याला स्वतःचं हसू आलं. माणसं पेंगुळलेली असतात, थंडी वाढतेय, तोमे मावशीचं वय होत चाललंय. कारणं काय, ढिगानं सापडतात.

मग रांग. धक्क्याला जुन्या लाकडी फळ्या होत्या, आणि सवयीनं प्रत्येकाची फळी ठरलेली. शिगेकात्सु आणि तोमे मावशी यांच्यात पूर्वी खांद्याला खांदा लागत असे. आता मध्ये एक अख्खी फळी मोकळी राहत होती. कुणी कुणाला सरकायला सांगितलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात पाऊस नव्हता, भरतीचं पाणी फळ्यांच्या हातभर खाली होतं, आणि सगळा धक्का दहिवरानं नुसता धुरकटला होता. तेवढी एक फळी काळीभोर भिजलेली.

टोपलीतून गळलं असेल. कुणी बर्फ ठेवला असेल.

बुधवारी वारा अगदी पडला होता. "एक," आजोबा म्हणाले. "दोन." "तीन."

"चार."

आवाज लहान होता. पडलेल्या दातातून निसटणारा, थोडासा शिट्टी वाजल्यासारखा. शाळेत बाईंना ऐकू जावं म्हणून मुलं नीट, मोठ्यानं म्हणतात, तसा.

"पाच," तोमे मावशी म्हणाली.

"सहा." "सात."

सगळे ताकुमाकडे बघायला लागले. "प्रोफेसर, आकडा विसरलात का?" शिगेकात्सु म्हणाला. पण त्याच्या आवाजात रोजची मस्ती नव्हती.

"आठ," ताकुमा म्हणाला.

बोटीत चढताना त्यानं मनाशी यादी केली. समुद्रपक्षी, कप्पीचं चाक, दोराचं कुरकुरणं. चार म्हणजे नुसता 'शि', एवढासा आवाज, एकच अक्षर. लाकूडसुद्धा तो काढू शकतं. मग त्याला हेही दिसलं की आज मोजणीत काहीच चूक नव्हती. एकापासून आठपर्यंत एकही शब्द गळला नव्हता.

४

दुपारी शेडमध्ये तोमे मावशी रावस मासे साफ करत होती. पोट फाडलं की अंड्यांची नारिंगी गाभोळी अलगद बाजूला काढायची. ताकुमा तिच्यासमोर पाटीवर बसला.

"मावशी, तीननंतर तुम्ही थांबता."

"थांबते."

"का?"

"मध्येच बोलणं वाईट दिसतं." तिनं सुरी पुसली. "तुला आत्ता ऐकू यायला लागलं होय? तीन महिने झाले तुला येऊन. शिकलेल्यांचे कान जरा उशिरानंच उघडतात."

"काय ऐकू येतं? नीट सांगा."

"तुला काय ऐकू आलं ते सांग."

तिनं आपली उजवी बाही पुढं केली. कोपरापासून मनगटापर्यंत ओली. "हे मासळीचं नाही, मासळी मी डाव्या हातानं धरते. पहिल्या वर्षी मी घाबरले. बोट सोडणार होते. मग म्हटलं, पोर उभी राहते, आपला आकडा म्हणते, बोट सुटली की जाते. कुणाचं काय खाते?"

"अकरा वर्षं?"

"तुला काय वाटलं, तुझे आजोबा नुसत्या हट्टासाठी चार गाळतात? सगळं गाव तो दुसरा शब्द म्हणायला लागलं तेव्हा मच्छीमार सोसायटीवाले घरी आले होते, तांडेल, तुम्हीही बदला म्हणून. म्हातारा म्हणाला, माझ्या बोटीवर ती जागा मोकळीच राहील."

ताकुमाच्या डोक्यात रक्त चढलं. "म्हणजे आधी तिला मागं टाकलं आणि आता रोज सकाळी तिला धक्क्यावर उभं करतात, स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून! आणि तुम्ही सगळे बघत बसता. एकानं तेव्हा चौकशीत तोंड उघडलं असतं तर—"

"तर काय, ती परत आली असती?" मावशीनं पुढचा मासा ओढला. "तू होतास की बोटीत."

ती सहज म्हणाली. तिला टोचायचं नव्हतं.

५

सेंदाईला पहिल्या वर्षाच्या तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर काही न लिहिता सुरुवात केली होती. मोजणं म्हणजे काय? एकेका वस्तूला एकेक शब्द लावत जायचं. वस्तू गाळायची नाही, शब्द गाळायचा नाही. सगळं संपल्यावर तोंडात जो शेवटचा शब्द राहतो तो त्या सगळ्यांचा. चार वर्षांच्या पोराला हे कळतं, प्राध्यापक म्हणाले, आणि वर्ग हसला. ताकुमा उठून बाहेर गेला. त्यानं वर्षभर कसंबसं रेटलं, पण खरं तर तो त्या तासाला जो उठला तो परत बसलाच नाही.

कारण शेवटचा शब्द त्याच्या तोंडात होता.

रांगेचं शेवटचं टोक तेव्हाही त्याचंच. जाताना नऊ तोच म्हणाला होता. येताना ताडपत्रीखाली, धुक्यात, आठही त्यानंच म्हटलं, खणखणीत. सकाळी सायानं त्याच्या शिंपल्यांची पिशवी पाण्यात पाडली होती म्हणून तो तिच्याशी बोलत नव्हता. ती पुढं मुलींत असेल असं धरून तो पाठ करून बसला होता. आणि आकड्यांत हुशार असलेल्या त्या दहा वर्षांच्या पोराच्या तेव्हाच लक्षात आलं होतं की सकाळी नऊ होते आणि आता आठ झालेत. त्याला बरं वाटलं होतं. आता बरोबर आलं. बाईंनीही तेच म्हटलं.

चौकशीत तोही बोलला नव्हता.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. म्हाताऱ्यांवर ओरडायला घसा मोकळा राहावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो शेवटच्या फळीवर गेला नाही. शिगेकात्सु आणि तोमे मावशी यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. फळी बुटाखाली बुळबुळीत लागली. उजव्या हाताच्या बोटांना गार काहीतरी लागलं आणि लगेच सुटलं, गर्दीत अनोळखी हात लागतो तसं.

"ताकुमा, बाजूला हो," आजोबा म्हणाले.

"मोजा."

"तुला सांगतोय ना, तिथं उभा राहू नकोस."

"अकरा वर्षं तिला इथं ताटकळत ठेवलंत, आता पुरे. सुरुवात करा, एक. नाहीतर मी करतो."

गेन्सुकेनं विडी पाण्यात फेकली. शेवटी म्हातारा म्हणाला, "एक."

"दोन."

"तीन." शिगेकात्सुचा आवाज चिरकला.

"चार!" ताकुमा ओरडला. जुना शब्द, मरणाचा. समोरच्या कोठारावर आपटून तो परत आला.

"पाच," तोमे मावशी पुटपुटली.

"सहा."

"सात," मोरितांचा धाकटा म्हणाला, आणि मोजणी संपली. सात माणसं, सात आकडे. त्या बोटीवर पहिल्यांदाच हिशेब जुळला होता.

ताकुमानं आजोबांकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं म्हातारा ओरडेल, हात उगारेल. तोकुजिरो दोर बांधायच्या खुंटावर बसला होता आणि ताकुमाच्या पायांकडे बघत होता. तिथून धक्क्याच्या कडेपर्यंत दहिवरात पावलं उमटली होती. एवढी एवढीशी, उलटी गेलेली.

"आता ती कुठं उभी राहील?" आजोबा म्हणाले.

६

जाळं कासवखडकाच्या अलीकडे बांधलेलं. इंजिन बंद करून सगळे दोराला लागले. रोज ओढताना शिगेकात्सु काहीतरी अचरटपणा करायचा, आज कुणी बोलत नव्हतं. उजाडलं होतं तरी धुकं होतं. खडक दिसत नव्हता, त्याच्यावर फुटणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"आजोबा," दोर न सोडता ताकुमा म्हणाला. "त्या दिवशी मला कळलं होतं. नवाचे आठ झाले ते. मला कळलं होतं."

म्हातारा दोर ओढत राहिला. "मलाही," तो म्हणाला. "माझ्या बोटीवर आठ म्हणजे सात. चाळीस वर्षं मी एक वजा करत आलो. त्या दिवशी नाही केला. कंटाळा आला म्हण. भरती आली होती." मग थोड्या वेळानं, "तू पोर होतास. ते तू माझ्यावर टाकत जा. ओरडत जा, मला चालतं."

ताकुमाच्या हातातला दोर ओघळला. अकरा वर्षांत या घरात कुणी एवढं बोललं नव्हतं.

तेव्हा धुक्यातून आलं.

"एक."

सगळ्यांचे हात थांबले. आवाज खडकाकडून होता. लांबचा, पण नीट म्हटलेला. रांगेतला पहिला म्हणतो तसा, शेवटी किंचित वर उचललेला, म्हणजे पुढच्यानं घ्यावा.

कुणी घेतला नाही. पाणी फुटत राहिलं.

"एक," पुन्हा. या वेळी जरा मोठ्यानं, आपलं ऐकू गेलं नसेल म्हणून.

धक्क्यावर ती आठांमधली होती. सगळ्यांमध्ये उभी राहून ती आपला आकडा म्हणायची आणि पुढचा कुणीतरी घ्यायचा. आता तिला जागा नव्हती म्हणून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली होती. खडकावर, एकटीनं.

ताकुमानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलाच होता. तेवढ्यात आजोबांचा हात त्याच्या तोंडावर आदळला, डिझेलचा, खाऱ्या दोराचा वास असलेला, आणि तिथंच दाबून राहिला. ताकुमानं धडपड केली. म्हातारा सत्तर वर्षांचा होता, तरी हलला नाही. त्याच्या डोक्यावरून, धुक्याकडे तोंड करून, हळू आणि स्वच्छ आवाजात तो म्हणाला,

"दोन."

खडकावरचा आवाज थांबला.

म्हाताऱ्यानं हात काढला आणि तो विजारीला पुसला. "ओढा," तो म्हणाला. "मासळी सुटेल."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकुमाला जाग आली तेव्हा आजोबांची गादी घडी घालून ठेवलेली होती. देव्हाऱ्यापुढं आज भाताच्या दोन वाट्या होत्या, दोन्हींतून वाफ येत होती. आजोबांची लहान होडी धक्क्यावर नव्हती. ती दुपारी सापडली, कासवखडकाला बांधलेली. वल्ही आत नीट लावलेली, गाठ तांडेलाचीच. लाट शांत होती, हवा स्वच्छ होती. दोन दिवस पाणबुडे आले आणि गेले. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, पाय घसरला असेल. ती असंच म्हणणार होती.

चौथ्या दिवशी बोट पुन्हा निघाली. जाळ्यातला मासा कुणासाठी थांबत नाही. तांडेल आता गेन्सुके. धक्क्यावर सगळ्या फळ्या कोरड्या होत्या. तोमे मावशी तीनच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिची बाही कोरडी होती, तरी ती हातानं चाचपत होती.

"मोजा," गेन्सुके म्हणाला. "एक."

"दोन." "तीन."

"चार," तोमे मावशी म्हणाली. तिला तो आकडा जमला नाही, पुन्हा म्हणावा लागला. "चार."

"पाच."

मोरितांच्या थोरल्याचा हा आकडा झाला आणि धाकटा गप्पच राहिला. थोरल्यानं त्याला कोपर मारलं, तेव्हा तो म्हणाला, "सहा."

"सात," ताकुमा म्हणाला.

म्हटल्यावर त्याला कळलं. त्यानं रांगेवरून नजर फिरवली. गेन्सुके, शिगेकात्सु, तोमे मावशी, मोरिता, मोरिता, तो स्वतः. त्यानं पुन्हा मोजलं, या वेळी मनात, बोटं दुमडत. सहा. कुणीतरी दोन म्हटलं होतं. दोन आता शिगेकात्सुचा होता, आणि शिगेकात्सु तीन म्हणाला होता.

गेन्सुकेनं फक्त सुकाणू धरायच्या आधी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बोट खडकाच्या अंगानं गेली. धुकं नव्हतं. कासवखडक ओला, काळा, अगदी रिकामा दिसत होता. इंजिनाच्या आवाजातूनही ते सगळ्यांना ऐकू आलं.

"एक," लहान आवाजात.

"दोन," म्हाताऱ्या आवाजात.

आणि मग ते थांबले. पुढच्यानं घ्यावा म्हणून.

ताकुमानं हातमोजा तोंडात कोंबला आणि तो दातांनी गच्च धरला. शेजारून तोमे मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खडक मागं पडेपर्यंत तो तसाच बसून राहिला. ती दोघं अजून थांबलेली होती.